भोपाळचा धडा आणि तेल कंपन्यांची जबाबदारी



३ डिसेंबरला भोपाळमध्ये स्थानिक सुट्टी असते. त्यामुळे गॅसकांडात बळी पडलेल्यांसाठी आपल्या शाळेत आदल्या दिवशी, २ डिसेंबरला, प्रार्थनेनंतर मौन पाळले जाते. यंदा मौन झाल्यावर मी नववीच्या वर्गावर गेले होते. एका मुलीने विचारले, "मॅडम, कंपनीने मुआवजा दिला होता ना? मग तिची जबाबदारी संपली की नाही?" तिचे बसते न बसते तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "माझे काका बीनाच्या रिफायनरीत आहेत. तिथे असे काही झाले तर जबाबदार कोण?"

दोन्ही प्रश्न चांगले होते. खरे सांगायचे तर त्या तासाला मी दोघांनाही पुरते उत्तर देऊ शकले नाही. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि कायदा हा काही माझा विषय नाही. पण प्रश्न आपल्या शहराचा आहे, म्हणून सुट्टीत बसून वाचले आणि जे समजले ते तुमच्यासाठी येथे मांडत आहे.

१. त्या रात्री काय चुकले?

१९८४ साली मीही नववीतच होते. आमचे घर तात्या टोपे नगरच्या बाजूला, म्हणजे कारखान्यापासून दूर होते. पहाटे जुन्या शहरातून माणसांचे लोंढे आमच्या रस्त्याने येऊ लागले. डोळे सुजलेले, पाय अनवाणी, कडेवर मुले. आई अंगणात घागर घेऊन उभी राहिली आणि येणाऱ्यांच्या डोळ्यांवर पाणी घालत राहिली. काय झाले आहे हे तिला ठाऊक नव्हते आणि येणाऱ्यांनाही नव्हते.

२ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातील एका टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणी काढल्यामुळे निकामी होता. म्हणजे संकट अडवण्याची साधने कारखान्यात होती, पण ऐन वेळी ती कामाची नव्हती.

दुसरी चूक याहून साधी आणि म्हणून जास्त जिव्हारी लागणारी आहे. तोंडावर ओला कपडा धरावा आणि वाऱ्याच्या दिशेने धावू नये, एवढी गोष्ट समोरच्या जयप्रकाश नगरातल्या माणसांना कुणी आधी सांगून ठेवली असती, तर कितीतरी जीव वाचले असते. कारखान्याच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्यांना आत काय साठवले आहे याची माहितीच नव्हती. ती देण्याची स्पष्ट सक्ती तेव्हाच्या कायद्यात नव्हती.

पुढे सरकारी हिशेबात ५,२९५ मृत्यूंची नुकसानभरपाई दिली गेली. बळींची खरी संख्या याच्या कितीतरी पट आहे, असे पीडितांच्या संघटना सांगत आल्या आहेत. बाधितांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे.

२. "दोष कुणाचा?" हा जुना प्रश्न

अपघात झाला की आपण पहिल्यांदा विचारतो, चूक कुणाची? कायदाही बराच काळ हेच विचारत होता. इंग्लंडमध्ये १८६८ साली रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात एक पाऊल पुढे पडले. एका गिरणीमालकाच्या तलावाचे पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले होते. न्यायालयाने ठरवले की धोक्याची वस्तू आपल्या जागेत साठवणाऱ्याने ती सुटून झालेले नुकसान भरून दिले पाहिजे, मग त्याचा हलगर्जीपणा असो वा नसो. पण या नियमाला पळवाटा होत्या. दैवी आपत्ती होती, तिसऱ्याच माणसाने खोडी केली, असे दाखवता आले की मालक सुटत असे.

भोपाळच्या बाबतीत हे महत्त्वाचे आहे. कार्बाइड कंपनी आजपर्यंत हेच म्हणत आली की कुणा नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. जुन्या नियमाच्या चौकटीत असा बचाव करता येतो.

यावर उत्तर मिळाले ते दिल्लीच्या एका घटनेतून. ४ डिसेंबर १९८५ रोजी, म्हणजे भोपाळच्या घटनेला जेमतेम एक वर्ष होत असताना, दिल्लीतील श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. वकील एम. सी. मेहता यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात होतीच. २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. धोकादायक उद्योग चालवून जो नफा कमावतो, त्याने त्या धोक्यातून होणारे नुकसान भरून द्यावे. त्याला कोणतीही सबब नाही. आणि कंपनी जितकी मोठी व समर्थ, तितकी भरपाई मोठी. याला पूर्ण उत्तरदायित्वाचे तत्त्व म्हणतात.

मुलांनो, येथे प्रश्नच बदलला हे लक्षात घ्या. "दोष कुणाचा?" याऐवजी कायदा विचारू लागला, "धंदा कुणाचा? नफा कुणाचा?" ज्याचा नफा, त्याचाच धोका.

३. भोपाळनंतर आलेले कायदे

पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ चा आणि हवेचा १९८१ चा. हे दोन्ही भोपाळच्या आधीचे आहेत. त्यानंतरचे महत्त्वाचे टप्पे वहीत लिहून घ्या.

१९८६ – पर्यावरण (संरक्षण) कायदा. केंद्र सरकारला उद्योगांसाठी मानके ठरवण्याचा आणि कारखाना बंद करण्याचाही अधिकार मिळाला.

१९८७ – कारखाना कायद्यात दुरुस्ती. धोकादायक प्रक्रियांवर वेगळे प्रकरण घालण्यात आले.

१९८९ – धोकादायक रसायनांच्या साठवणुकीचे नियम. कारखान्याने आतल्या आणीबाणीची योजना तयार ठेवावी, सराव घ्यावा, आणि आसपास राहणाऱ्यांना धोका काय व अशा वेळी काय करावे हे आधीच सांगावे, असे ठरले.

१९९१ – सार्वजनिक दायित्व विमा कायदा. धोकादायक वस्तू हाताळणाऱ्या उद्योगाला विमा सक्तीचा झाला. दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता पीडितांना तातडीची मदत मिळावी हा त्याचा हेतू. मात्र मूळ कायद्यात मृत्यूसाठी ठरवलेली रक्कम २५ हजार रुपये इतकीच होती.

२०१० – राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. "प्रदूषण करील तो भरील" आणि "सावधगिरी आधी" ही तत्त्वे त्याच्या कायद्यातच लिहिलेली आहेत. मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड यांच्यासाठीचे त्याचे पीठ आपल्या भोपाळमध्येच आहे.

४. तेलाचा उद्योग आणि हे कायदे

आता बीनाच्या प्रश्नाकडे वळू. सागर जिल्ह्यातील बीना येथील शुद्धीकरण कारखाना २०११ साली सुरू झाला. गुजरातमधील वाडिनारच्या किनाऱ्यावर उतरवलेले कच्चे तेल ९०० किलोमीटरहून लांब पाइपलाइनने तेथे येते. २०२३ मध्ये तेथे मोठ्या पेट्रोरसायन प्रकल्पाची पायाभरणी झाली. आपल्या स्वयंपाकघरातले सिलिंडर, गाडीतले पेट्रोल, रस्त्यावरचे डांबर हे सारे अशा कारखान्यांतून येते. तेव्हा तेल उद्योग वाईट आहे असे म्हणून हात झटकणे सोपे असले तरी ते खरे नाही. पण तेलाचा प्रत्येक टप्पा पेट घेणारा आहे. विहीर, जहाज, पाइपलाइन, टाकी, टँकर यांपैकी कुठेही गळती झाली की नुकसान कुंपणाच्या आत थांबत नाही. म्हणूनच वर सांगितलेले कायदे या उद्योगाला लागू होतात. ते कसे चालतात हे तीन उदाहरणांतून पाहू.

जयपूर. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या डेपोत टाकीतून पेट्रोल वाहू लागले. तासाभराहून अधिक काळ ते वाहत राहिले, त्याची वाफ सगळीकडे पसरली आणि प्रचंड स्फोट झाला. आग कित्येक दिवस धुमसत होती. चौकशी समितीच्या अहवालानुसार ११ जणांचा जीव गेला. हिंदुस्तान पेट्रोलियमचे माजी अध्यक्ष एम. बी. लाल या समितीचे प्रमुख होते. टाकीची झडप नियंत्रण कक्षातून बंद करण्याची सोय चालू स्थितीत नव्हती, असे आढळले. मित्रांनो, भोपाळचा बंद पडलेला मनोरा येथे आठवतो की नाही? पंचवीस वर्षे उलटली, कायदे आले, तरी चूक त्याच जातीची. फरक एवढा झाला की समितीच्या शिफारशींवरून देशभरातील तेल डेपोंमध्ये दुरून बंद करता येणाऱ्या झडपा आणि गळती ओळखणारी यंत्रे बसवण्याचे काम हाती घेण्यात आले. पण हा शहाणपणा अपघातानंतर आला.

माहुल. मुंबईला तुमचे नातेवाईक असतील तर चेंबूर त्यांना ठाऊक असेल. त्याच्या लगत माहुल आणि आंबापाडा ही कोळ्यांची जुनी वस्ती. १९५०च्या दशकात शेजारच्या पट्ट्यात तेलशुद्धीकरण कारखाने आले, पुढे रसायने व तेल साठवण्याच्या टाक्या वाढल्या. येथे एका रात्रीत स्फोट झाला नाही. येथे रोजच थोडी थोडी वाफ हवेत मिसळत गेली. टाक्या भरताना, टँकर रिकामे करताना बेंझिन, टोल्युइन यांसारखी द्रव्ये उडून जातात. तेथील रहिवाशांनी २०१४ साली हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. केईएम रुग्णालयाने वस्तीची आरोग्य पाहणी केली, तेव्हा श्वासाचा त्रास आणि डोळ्यांची जळजळ सांगणारे रहिवासी मोठ्या प्रमाणावर आढळले. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायाधिकरणाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. त्यांत हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या दोन मोठ्या सरकारी कंपन्याही होत्या. ही रक्कम त्या भागाची स्थिती सुधारण्यासाठी वापरायची होती. या आदेशाला पुढे सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. म्हणजे कायदा दारापर्यंत पोहोचला, पण दार उघडायला वेळ लागतो. तरीही यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, कंपनी सरकारी असली तरी ती सुटत नाही. दोन, मासेमारी करणारी साधी माणसेही मोठ्या तेल कंपन्यांना जाब विचारू शकतात.

मुंबईचा समुद्र. ४ ऑगस्ट २०११ रोजी 'रॅक कॅरियर' हे कोळशाचे जहाज मुंबईजवळच्या समुद्रात बुडाले. जहाजात ६० हजार टन कोळसा आणि सुमारे २९० टन इंधन तेल होते. तेल किनाऱ्यापर्यंत आले. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने जहाजमालक कंपनीला १०० कोटी रुपये भरायला सांगितले. त्याशिवाय ज्यांचा कोळसा जहाजात होता त्या अदानी एंटरप्रायझेसलाही ५ कोटी भरण्यास सांगितले. म्हणजे "धंदा कुणाचा?" हा प्रश्न जहाजावर थांबला नाही, मालापर्यंत गेला.

५. अमेरिकेत काय झाले?

२४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्सॉन वाल्डेझ' हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि सुमारे ३७ हजार टन कच्चे तेल समुद्रात गेले. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, अमेरिकेने तेल प्रदूषण कायदा केला. नव्या तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच सक्तीचे झाले आणि तेल सांडलेच तर काय करणार याची योजना कंपनीने आधी सादर करावी असे ठरले.

यानंतरची तुलना आपल्याला, भोपाळकरांना, बोचणारी आहे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहिरीच्या तराफ्यावर स्फोट झाला, ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि तेल समुद्रात वाहू लागले. ७ जून २०१० रोजी, तेल वाहतच असताना, इकडे भोपाळच्या न्यायालयाने गॅसकांडातील सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. घटनेनंतर पंचवीस वर्षांनी! आणि १६ जूनला अमेरिकेत बीपी या तेल कंपनीने नुकसानभरपाईसाठी २० अब्ज डॉलर बाजूला ठेवण्याचे मान्य केले. घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत!

आपल्याकडे सरकारने ३.३ अब्ज डॉलरचा दावा केला होता. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटी रुपयांच्या अंतरिम मदतीचा आदेश दिला. उच्च न्यायालयाने ती रक्कम २५० कोटी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वाढीव रकमेसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली.

बीपी कंपनी कार्बाइडपेक्षा मनाने चांगली होती, असा याचा अर्थ मुळीच नाही. तिच्यासमोर १९९० चा कायदा उभा होता आणि तो चालवणारे शासन जागे होते. कंपन्यांची सदसद्विवेकबुद्धी बऱ्याच वेळा कायद्याच्या आवाजानेच जागी होते, हे कटू पण खरे आहे.

६. दान वेगळे, दायित्व वेगळे

आजकाल "कंपनीची सामाजिक जबाबदारी" हा शब्द आपण वारंवार ऐकतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. तेल कंपन्याही शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या बांधतात. त्याचे स्वागतच आहे. पण मुलांनो, एक गोष्ट नीट समजून घ्या. शेजाऱ्याच्या अंगणात घाण टाकून त्याच्या मुलाला वही-पेन्सिल दिली, तर घाण साफ होत नाही. दोन टक्क्यांचा खर्च हे नफ्यातले वाटप आहे. आपल्या उद्योगातून कुणाला इजा होऊ न देणे हे त्या आधीचे कर्तव्य आहे, आणि नफा होवो वा न होवो ते करावेच लागते.

७. कायदा कुठे कमी पडतो?

पहिली गोष्ट शिक्षेची. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या उल्लंघनासाठी पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्याऐवजी १० हजार ते १५ लाख रुपये दंड ठरवला. हा बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. कैदेची तरतूद प्रत्यक्षात क्वचितच वापरली जात होती, दंड लवकर वसूल होईल, असे याचे समर्थक म्हणतात. मोठ्या कंपनीला १५ लाख म्हणजे किरकोळ खर्च, असे टीकाकार म्हणतात. दोन्ही बाजू वर्गात मांडून पाहा.

दुसरी गोष्ट आपल्या दारातली आहे. कार्बाइडच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला बारा कंटेनरमधून पीथमपूरला नेला गेला आणि जून २०२५ अखेर तो जाळून संपवण्यात आला. चाळीस वर्षे लागली. त्यासाठी केंद्र सरकारने १२६ कोटी रुपये दिले. हे पैसे कंपनीचे नाहीत, तुमच्या-आमच्या करातले आहेत. "प्रदूषण करील तो भरील" हे तत्त्व ज्या शहरामुळे देशाला कळले, त्याच शहरात ते पाळले गेले नाही. कारखान्याभोवतालची माती आणि जमिनीखालचे पाणी यांचा प्रश्न तर अजून शिल्लकच आहे.

८. दोन प्रश्नांची उत्तरे

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देते. कंपनीची जबाबदारी चार पायऱ्यांची असते. पहिली, अपघात होऊ न देणे. दुसरी, शेजाऱ्यांना धोका आधी सांगणे. तिसरी, झालेच तर लगेच आणि पुरेसे भरून देणे. चौथी, जागा साफ करून देणे. पैसे देणे ही यातली एकच पायरी आहे. भोपाळमध्ये ती तिसरी पायरी अर्धवट चढली गेली, बाकीच्या तीन राहूनच गेल्या. म्हणून, बाळ, जबाबदारी संपली नाही.

आणि काकांच्या कारखान्याबद्दल. तिथे काही झाले तर कंपनी जबाबदार राहील, कुणाची चूक हे ठरण्याची वाट पाहावी लागणार नाही, हे भोपाळनंतरच्या कायद्याने ठरवून दिले आहे. पण जबाबदार कोण हे अपघातानंतर ठरण्यापेक्षा झडप आज चालते की नाही, हे तपासलेले बरे. काकांना सुट्टीत भेटशील तेव्हा जरूर विचार, "तुमच्याकडे आणीबाणीचा सराव शेवटचा कधी झाला? शेजारच्या गावांना त्यात बोलावले होते का?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. तिथे काम करणाऱ्याला त्याचे महत्त्व सर्वांत जास्त ठाऊक असते.

आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा १९५६ मध्ये राजधानी झाली तेव्हा नागपूरहून या गावी आले. कुणी ग्वाल्हेर-इंदूरहून आले. हे गाव आपले झाले, तेव्हा त्याचे दुःखही आपलेच आहे. माझी आई त्या पहाटे काय करावे हे न कळता पाणी घालत राहिली. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये आणि आलीच तर काय करायचे ते तुम्हाला ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा धडा.

स्वाध्याय

१. "रायलंड्स विरुद्ध फ्लेचर"चा नियम आणि पूर्ण उत्तरदायित्वाचे तत्त्व यांतील फरक पाच ओळींत लिहा.

२. जयपूर आणि माहुल या दोन उदाहरणांत नुकसानाचा प्रकार कसा वेगळा आहे? कोणते नुकसान सिद्ध करणे अधिक कठीण, आणि का?

३. आपल्या घरापासून जवळचा पेट्रोल पंप, गॅस गोदाम किंवा कारखाना कोणता? तेथे आणीबाणीची सूचना देणारा फलक आहे का, हे पालकांबरोबर जाऊन पाहा व लिहून आणा.

४. घरातील वडीलधाऱ्यांना १९८४ च्या त्या रात्रीबद्दल विचारा. "कुणी काय आधी सांगितले असते तर उपयोग झाला असता?" याचे त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. निवडक उत्तरे पत्रिकेच्या पुढील अंकात छापू.